रानातला पाहुणा रानात परत जावा

वादळात पडलेले पिल्लू, मांजाने कापलेली घार, उसाच्या फडात सापडलेले बछडे. अशा वेळी दया कुणाला येत नाही? पण ती कशी दाखवायची हे ठाऊक नसले, तर दयेपोटीच त्या जिवाचा घात होतो. भिलाईजवळच्या रिसालीतल्या एका घरापासून जुन्नर, नागपूर आणि हेमलकशापर्यंतची ही हकिकत.

एप्रिल संपत आला होता. दिवसभर तापलेल्या रिसालीवर संध्याकाळी अचानक अंधड आले. उन्हाळ्यातल्या धुळीच्या वादळाला छत्तीसगडात हाच शब्द आहे. अर्ध्या तासात पत्रे उडाले, दिवे गेले आणि क्वार्टरांच्या रांगेमागच्या जुन्या शिरीषाची एक जाड फांदी मोडून कुंपणावर कोसळली. फांदीला ढोली होती. वारा निवल्यावर एका घरातली दहा वर्षांची मुलगी बाहेर गेली आणि ओंजळीत काहीतरी घेऊन परतली. करड्या मऊ पिसांचा एक गोळा आणि त्यात दोन पिवळेजर्द डोळे. ते पिंगळ्याचे पिल्लू होते.

पोलाद कारखान्यातल्या नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून येऊन इथलेच झालेले हे मराठी कुटुंब. घरात आई, वडील, आजी आणि ही मुलगी. "पिंगळा घरात आणू नये गं," असे आजी म्हणाली खरी, पण दुधाची वाटी आणायला तीच आधी उठली. आईने डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर धुऊन दिला. वडिलांनी जुना पोपटाचा पिंजरा माळ्यावरून काढला. मुलीने पिल्लाचे नाव ठेवले गुल्लू. रात्रभर आळीपाळीने सगळ्यांनी दूध पाजले, दुधात कुस्करलेली पोळी भरवली. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची मुले गुल्लूला बघायला आली. कुणी हातात घेतले, कुणी फोटो काढले.

दुसऱ्या रात्री पिल्लू घरघरायला लागले. पहाटे ते गेले.

मुलीने त्याला शिरीषाखाली पुरले. दोन दिवस ती नीट जेवली नाही. "आपण त्याला सगळं दिलं ना? मग ते का मेलं?" या तिच्या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नव्हते. खरे तर हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी असंख्य घरांत हाच प्रसंग घडतो. कुठे खारीचे पिल्लू असते, कुठे बुलबुलाचे, कुठे मांजराच्या तोंडातून सोडवलेला पोपट. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आम्ही ठरवले.

मायेने झालेला घात

पहिले कारण दूध. पक्षी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाहीत. त्यामुळे दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या पोटात नसते. पिंगळ्याचे पिल्लू आईबापांनी आणलेल्या किड्यांवर, पालींवर, उंदरांवर वाढते. पोळी, भात, ब्रेड यांतले काहीच त्याच्या कामाचे नाही. पोट भरलेले दिसते, पण अंगी काही लागत नाही आणि हगवण लागून उरलेली शक्तीही जाते.

दुसरे कारण ड्रॉपर. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते. चोच फाकवून वरून थेंब सोडले, की ते पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात उतरण्याचा मोठा धोका असतो. गुल्लूची घरघर बहुधा तीच होती. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये हे आपल्याला माहीत असते. पक्ष्याच्या बाबतीत मात्र चोच दिसली की पाणी पाजायचे, हा आपला शिरस्ता.

तिसरे कारण भीती. हे आपल्या लक्षातच येत नाही. आपल्याला तो कुरवाळण्याचा क्षण वाटतो. पिल्लाच्या दृष्टीने मात्र माणूस म्हणजे आपल्याला धरून खाणारे एक प्रचंड जनावर. हाताळले की ते गप्प बसते. आपण म्हणतो, बघा कसे माणसाळले! ते माणसाळलेले नसते, भीतीने गारठलेले असते. हरणांमध्ये तर ही भीती इतकी विकोपाला जाते, की पकडताना झालेल्या धडपडीने स्नायू आतल्या आत खराब होतात आणि वरून एकही जखम नसलेले चितळ काही तासांनी किंवा दिवसांनी दगावते.

आणि चौथी गोष्ट पिंजऱ्याची. तारेच्या पिंजऱ्यात धडका मारून पक्ष्याची पिसे मोडतात. पंखाची मोठी पिसे मोडली, तर नवी येईपर्यंत त्याला धड उडता येत नाही. म्हणजे बरा झाला तरी तो कैदीच.

मग काय करायला हवे होते? उत्तर ऐकून त्या घरातल्या आजीही चकित झाल्या. बहुधा काहीच नाही. म्हणजे अगदीच काही नाही असे नव्हे, पण फार थोडे. पिल्लाला जखम नव्हती. त्याचे आईबाप त्याच शिरीषावर, पन्नास पावलांवर बसून रात्रभर ओरडत होते. पिल्लू पोरके नव्हते. त्याला पोरके केले ते आपण.

आई जवळच असते

घरट्याबाहेर दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ असते, ही आपली सर्वांत मोठी गैरसमजूत. पंख फुटलेली पण नीट उडता न येणारी पिल्ले काही दिवस जमिनीवर, कुंपणावर, झुडपांत धडपडतच असतात. आईबाप त्यांना तिथेच भरवतात. आपण बाजूला झालो, तरच ते खाली उतरतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण बहुतेक पक्ष्यांचे नाक तितके तिखट नसते आणि एवढ्या कष्टाने वाढवलेले पिल्लू ते हाताच्या वासापायी सोडत नाहीत. पडलेले पिल्लू घरट्यात परत ठेवता येते. घरटेच मोडले असेल, तर तळाला भोके असलेली टोपली त्याच झाडाला, सावलीत आणि मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर बांधली तरी चालते.

हीच गोष्ट पिंगळ्याहून कितीतरी मोठ्या प्राण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने शिकून घेतली आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरात धरणांचे पाणी आले, ऊस आला आणि उसाबरोबर बिबटे आले. वर्षातले दहा-बारा महिने उंच, दाट, गारवा देणारा ऊस बिबट्याच्या मादीला जंगलासारखाच वाटतो. ती तिथेच विते. मग तोडणी सुरू झाली, की कोयता थांबतो आणि सरींमध्ये मांजराएवढी दोन-तीन बछडी दिसतात. ऊसतोडणी कामगार घाबरतात, गाव जमते, पोरेटोरे बछडी कडेवर घेतात. पूर्वी अशी बछडी बऱ्याचदा उचलून नेली जात आणि त्यांचा जन्म पिंजऱ्यात जाई. शिवाय पिल्ले शोधणारी मादी चवताळून गावाभोवती फिरे, ते वेगळेच.

आता जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य आणि वनखात्याची माणसे येतात. हे केंद्र वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. बछड्यांची तपासणी होते, अंगावरच्या गोचिडी काढल्या जातात. संध्याकाळ झाली, की ज्या सरीत ती सापडली तिथेच त्यांना एका खोक्यात ठेवले जाते. गावकऱ्यांना दूर पाठवतात, कॅमेरा लावतात. अंधार पडला की मादी येते. खोक्याचा वास घेते, ते पाडते आणि एकेका पिल्लाला मानगुटीला धरून घेऊन जाते. एका रात्रीत नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न होतो. शेतकऱ्याला एक-दोन दिवस तोडणी थांबवावी लागते. पण त्याच्या बदल्यात चवताळलेली मादी गावाभोवती राहत नाही. इथे दया आणि शहाणपण एकाच वाटेने जातात.

आजोबा घरी निघाला

पिल्लू जागच्या जागी ठेवावे, हे पटते. पण मोठा प्राणी बरा झाल्यावर त्याला कुठेही एखाद्या छानशा जंगलात सोडले तर काय बिघडले? जुन्नरला हाही प्रयोग होऊन गेला आहे. २००१ नंतर तिथे पिंजरे लावून पकडलेले अनेक बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटेच चित्र दिसले. या हलवाहलवीनंतर माणसांवरच्या हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले होते. अनोळखी मुलखात, दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दीत टाकलेला, माणसांनी घेरून पकडलेला बिबट्या गोंधळलेला आणि बिथरलेला असतो.

'आजोबा'ची गोष्ट याच काळातली. २००९ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले, त्याच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बसवला आणि माळशेज घाटात सोडून दिले. शांत स्वभावाच्या त्या वयस्क नराला संशोधकांनी आजोबा हे नाव दिले होते. सोडल्यावर तो निघाला तो पश्चिमेकडे. शेते, गावे, महामार्ग, लोहमार्ग ओलांडत, खाडीतून पोहत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. त्याला कुठे जायचे हे त्याला ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते आपल्याला. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्या शरीरातल्या चिपवरून त्याची ओळख पटली. २०१४ साली सुजय डहाके यांचा 'आजोबा' हा चित्रपट आला, तो याच प्रवासावर.

म्हणून जखमी प्राणी उचलताना तो नेमका कुठे सापडला हे लिहून ठेवणे फार महत्त्वाचे असते. कोणत्या वस्तीतले, कोणत्या रस्त्यावरचे, कोणते झाड, हे सगळे. आपल्याला झाड ते झाडच. पण घुबडाला, घारीला, घोरपडीला आपला मुलूख माहीत असतो. पाणी कुठे, उंदीर कुठे, शत्रू कुठे, हे सगळे तिथेच शिकलेले असते.

उडण्याची परीक्षा

खरोखरच जखमी झालेल्या प्राण्यांचे काय? दुर्गहून गाडीत बसले, की चार-साडेचार तासांत नागपूर. तिथे सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. २०१५ साली ते सुरू झाले. त्याच्या नावातच त्याचे काम सांगितले आहे. ट्रान्झिट म्हणजे वाटेतला मुक्काम. इथे यायचे ते बरे होऊन जाण्यासाठी.

संक्रांतीच्या दिवसांत अशा केंद्रांवर सर्वाधिक ताण येतो. नागपुरात पतंगांचा उत्साह मोठा आणि नायलॉन मांजाचा घात त्याहून मोठा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली, तरी चोरून विक्री होतेच. हा मांजा तुटत नाही. तो घारीच्या पंखात अडकला, की ती सुटण्यासाठी फडफडते आणि जितकी फडफडते तितका तो आत रुततो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा असतो. त्यातली शीर तुटली, तर वरवर लहान दिसणाऱ्या त्या जखमेने घारीचे उडणे कायमचे संपू शकते. म्हणून झाडावर लोंबकळणारा पक्षी ओढून काढू नये. दोन्ही बाजूंनी मांजा कापावा आणि पंखात रुतलेला तुकडा तसाच ठेवून पक्षी डॉक्टरांकडे द्यावा.

शस्त्रक्रिया, टाके, हाडाला आधार हे सारे झाले, तरी काम अर्धेच होते. पुढचा भाग अधिक कष्टाचा. आठवडे न आठवडे पडून राहिलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू सैल पडतात. त्याला आधी लहान खोलीत आणि मग लांबलचक जाळीच्या दालनात ठेवून उडण्याचा सराव द्यावा लागतो. शिकारी पक्ष्याला आपले भक्ष्य आपण पकडता येते का, हे पाहावे लागते. वजन भरले आहे ना, पिसे धड आहेत ना, वळताना एका बाजूला झुकत तर नाही ना, या सगळ्या परीक्षा झाल्यावरच सुटका. तीही वेळ पाहून. घार सकाळी सोडतात आणि घुबड तिन्हीसांजेला. दुपारी सोडलेल्या घुबडामागे कावळे लागतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

आणि या सगळ्या दिवसांत एक पथ्य सगळ्यांनी पाळायचे असते. प्राण्याशी बोलायचे नाही, त्याला नाव घेऊन हाक मारायची नाही, गरजेपुरताच हात लावायचा. बाहेरच्या माणसाला हे निष्ठुरपणाचे वाटेल. पण ज्या प्राण्याला उद्या रानात जायचे आहे, त्याची माणसाविषयीची भीती हेच त्याचे चिलखत असते.

ज्यांना परत जाता येत नाही

काहींना मात्र परतीची वाट उरलेली नसते. त्यांचे घर पाहायचे, तर राजनांदगावच्या दक्षिणेला मोहला-मानपूरचा भाग ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात उतरावे लागते. भामरागड तालुक्यातले हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी इथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आयुष्यभराचे काम म्हणून स्वीकारला. २००८ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या दवाखान्याशेजारी एक प्राण्यांचे अनाथालयही उभे राहिले, हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्याची सुरुवात मात्र पुन्हा सांगण्यासारखी आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिकारीहून परतणारे काही माडिया डॉक्टरांना जंगलात भेटले. त्यांच्याकडे बांबूला बांधलेली मारलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला बिलगून एक जिवंत पिल्लू दूध ओढत होते. या पिल्लाचे काय करणार, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, खाणार. त्या उत्तरात क्रौर्य नव्हते. ज्यांच्या घरात दोन वेळचे अन्न नाही, त्यांच्यासाठी शिकार हा छंद नसतो. डॉक्टरांनी उपदेश केला नाही. त्यांनी अन्नधान्याच्या बदल्यात ते पिल्लू मागून घेतले. पुढे माडियांना सांगून ठेवले, की शिकारीत पिल्लू जिवंत सापडले, तर ते इथे आणा. हळूहळू हेमलकशात माकडे, अस्वले, बिबटे, तरस, हरणे, साळिंदरे, मगरी येत गेल्या. तिथल्या 'नेगल' बिबट्याची गोष्ट विलास मनोहर यांनी त्याच नावाच्या पुस्तकात लिहिली. २०१४ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी डॉ. प्रकाश आमटे साकारले आणि हे प्राणी घराघरांत पोहोचले.

पडद्यावर किंवा छायाचित्रात बिबट्याशी खेळणारे डॉक्टर पाहून आपल्याला हेवा वाटतो. पण त्या चित्राची दुसरी बाजू नीट समजून घेतली पाहिजे. आईविना, माणसाच्या हातून बाटलीने दूध पिऊन वाढलेल्या बिबट्याला शिकार कुणी शिकवायची? माणसाला न भिणारा बिबट्या जंगलात सोडला, तर तो पहिल्या गावात शिरेल आणि तिथेच मारला जाईल. म्हणून असे प्राणी जन्मभर सांभाळावे लागतात. हेमलकशातले प्रेम खरे आहे आणि ते त्या प्राण्यांचे उरलेले आयुष्यही आहे. जीव वाचला, पण रान गेले. तिथे आलेल्या पिल्लांची आई खरोखरच मेलेली होती. आपल्या अंगणात सापडलेल्या पिल्लाची आई मात्र बहुतेक वेळा जिवंत असते. हा फरक विसरून चालणार नाही.

हाताने वाढवलेला प्राणी कधीच परत जाऊ शकत नाही, असेही नाही. आसामात काझीरंगाजवळ २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात पुरात आईपासून तुटलेली गेंड्याची पिल्ले बाटलीने वाढवली गेली आणि २००६ पासून त्यातली काही मानसच्या जंगलात नेऊन टप्प्याटप्प्याने मोकळी करण्यात आली. पण त्यामागे तज्ज्ञांची फौज, कुंपण घातलेले रान आणि वर्षानुवर्षांचा धीर होता. आपल्या गॅलरीत ते होणे नाही.

माया लागली की...

२०२३ साली उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यातली एक बातमी सर्वांनी वाचली असेल. पाय मोडलेला सारस पक्षी एका तरुणाला शेतात सापडला. त्याने त्याची सेवा केली, पाय बरा झाला, पण पक्षी त्याला सोडून जाईना. तो त्याच्या मोटारसायकलमागे उडत जाई. अखेर वनखात्याने सारस ताब्यात घेतला आणि त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. पिंजऱ्यातला सारस त्या तरुणाला पाहून उड्या मारतो आहे, हे दृश्य बघून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. चूक कुणाची, यावर खूप वाद झाले. आम्हाला वाटते, त्या दृश्यातून एवढे शिकावे, की माया ज्याला लागते त्यालाही ती महाग पडते.

कायद्याची बाजूही सोपी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आपल्याकडचे पोपट, घुबडे, घोरपडी, कासवे घरात पाळता येत नाहीत. असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे असते. मदतीसाठी उचललेल्या पक्ष्यापायी कुणी आपल्याला तुरुंगात टाकत नाही. पण तो महिनोन् महिने ठेवून घेणे ही मदत राहत नाही.

प्राणिसंग्रहालय हे त्याचे उत्तर आहे का? रिसालीकरांना मैत्रीबाग हाकेच्या अंतरावर. १९७२ पासूनची भारत-सोव्हिएत मैत्रीची ही खूण आणि तिथले पांढरे वाघ इथल्या प्रत्येक मुलाच्या आठवणीत आहेत. पण प्राणी दाखवण्याची जागा वेगळी आणि बरे करून सोडण्याची जागा वेगळी. जखमी प्राण्यासाठी पहिला निरोप दुर्गच्या वनमंडळ कार्यालयालाच द्यावा, पुढची व्यवस्था ते करतात.

पुन्हा एकदा अंधड

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत रिसालीत पुन्हा अंधड आले. शिरीषाच्या उरलेल्या खोडातल्या ढोलीत पिंगळ्यांनी पुन्हा संसार थाटला होता. वारा थांबल्यावर मुलगी टॉर्च घेऊन गेली. खाली पालापाचोळ्यात एक पिल्लू बसले होते. तिने लगेच हात लावला नाही. लांबून पाहिले. दोन्ही पंख सारखे होते, रक्त नव्हते, डोळे उघडे होते.

घरकामाला येणाऱ्या छत्तीसगढी बाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओकर दाई रात के आही." त्याची आई रात्री येईल. मागच्या वर्षीही त्या हेच म्हणाल्या होत्या, पण तेव्हा कुणी त्यांचे ऐकले नव्हते.

आजीने फुलांची जुनी टोपली काढून दिली. आईने तिच्या तळाशी वाळका पाला पसरला. वडिलांनी शिडी लावून ती ढोलीजवळच्या फांदीला सुतळीने बांधली, हाताला जाड फडके गुंडाळून पिल्लू आत ठेवले आणि सगळे घरात आले. स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीशी बसले. तासभर काहीच झाले नाही. मुलगी दोनदा उठली, दोनदा आजीने तिला बसवले. मग वरून तो ओळखीचा कर्कश चिरचिराट ऐकू आला. एक पिंगळा तारेवर येऊन बसला, मान वाकडी करून त्याने टोपलीकडे पाहिले आणि उडून गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या चोचीत काहीतरी वळवळत होते.

तीन-चार दिवसांनी टोपली रिकामी दिसली. पिल्लू खोडावर, आईबापांच्या शेजारी बसलेले होते.

"याचं नाव काय ठेवलंस गं?" आजीने विचारले.

"नाही ठेवलं," ती म्हणाली. "तो आपला थोडाच आहे!"

(चौकट) जखमी पक्षी-प्राणी आढळला तर

• आधी लांबून पाहा. रक्त, लोंबणारा पंख, मोडलेला पाय, माश्या किंवा मुंग्या दिसत नसतील, तर पिल्लाला उचलू नका. मांजर-कुत्र्यांना आवरा आणि दूर थांबा.

• मांजराने तोंडात धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी डॉक्टरांकडे न्यावाच. दातांच्या बारीक जखमेतून विषबाधा होऊन तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

• पक्षी उचलायचा, तर अंगावर सुती कापड टाकून हलकेच उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोके पाडा, तळाशी कापड घाला, झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. तारेचा पिंजरा नको.

• दूध, पोळी, भात काहीही देऊ नका. चोचीत पाणी ओतू नका. सारखे उघडून बघू नका. फोटो तर नकोच.

• माकड, वटवाघूळ, मुंगूस, कोल्हा यांना उघड्या हाताने शिवू नका. चावा किंवा ओरखडा झाला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.

• साप दिसला तर त्याच्यावर लांबून लक्ष ठेवा, मुलांना दूर करा आणि जाणकार सर्पमित्राला बोलवा. स्वतः पकडायला जाऊ नका. सापाला दूधही पाजू नका, ते त्याचे अन्न नव्हे.

• सापडल्याची जागा, दिवस आणि वेळ खोक्यावर लिहा. सोडताना तीच जागा लागते.

• महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. छत्तीसगडात जवळच्या वनमंडळ कार्यालयाशी संपर्क साधा. तातडीच्या प्रसंगी ११२ वर कळवा.